नवरा कोणता, डोक्याचा की धडाचा? गोष्ट आणि कविता तत्त्वज्ञान कसं करतात

वेताळाच्या पंचवीस गोष्टींमधली डोक्यांच्या अदलाबदलीची गोष्ट बहुतेकांनी लहानपणी कुठल्या ना कुठल्या रूपात वाचलेली असते. देवीच्या देवळात दोन तरुण एकामागोमाग एक स्वतःचं शिर उतरवून ठेवतात. मागून आलेली त्यांतल्या एकाची बायको ते पाहते आणि तीही जीव द्यायला निघते. तेव्हा देवी प्रसन्न होते आणि म्हणते, धडांना शिरं लाव, दोघंही उठतील. ती घाईघाईत लावते आणि नेमकी चुकते. याचं डोकं त्याच्या धडावर, त्याचं याच्या. वेताळ विक्रमाला विचारतो, बोल राजा, आता हिचा नवरा कोणता? राजा उत्तर देतो, ज्याला नवऱ्याचं डोकं आहे तो, कारण सगळ्या अवयवांत डोकं श्रेष्ठ. राजा बोलला म्हणून प्रेत पुन्हा झाडावर जातं.

तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात हाच प्रश्न 'व्यक्तीची ओळख' या नावाखाली येतो. माणूस बदलतो, तरी तो 'तोच' आहे असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो? शरीर तेच असल्यामुळे की आठवणी त्याच असल्यामुळे? इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९४ मध्ये आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत यावर एक नवं प्रकरण घातलं. त्यात तो विचारतो, एखाद्या राजपुत्राचा आत्मा त्याच्या सगळ्या आठवणींसह एका मोच्याच्या शरीरात शिरला, तर तो माणूस कोण? त्याचं उत्तर विक्रमाच्या जवळ जातं. व्यक्ती राजपुत्रच, कारण राजपुत्राने केलेलं सगळं त्याला स्वतःचं म्हणून आठवतं. बाकी जग मात्र त्याला मोचीच समजत राहील.

लॉकचं काम चार-पाच वाक्यांत उरकतं. त्या राजपुत्राला बायको नाही, मोच्याला मुलं नाहीत, कुणी दार उघडून 'तू कोण?' असं विचारत नाही. हे त्याने जाणूनबुजून केलं आहे. अशा रचनेला विचारप्रयोग म्हणतात. प्रयोगशाळेत जसं एकच गोष्ट बदलून बाकी सगळं स्थिर ठेवतात, तसं इथे एकच प्रश्न ठेवून बाकीचं जग बाजूला काढलेलं असतं. पद्धत चांगली आहे. फक्त काढून ठेवलेल्या जगातच उत्तराचा काही भाग गेला नाही ना, हे प्रयोगाच्या आतून दिसत नाही.

वेताळाच्या गोष्टीत तो दिसतो. दुसरा तरुण कोण होता, ते आठवतंय? पुष्कळांना वाटतं, नवऱ्याचा मित्र. पण अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या कथासरित्सागरात तो त्या बाईचा सख्खा भाऊ आहे. आता राजाचं उत्तर पुन्हा वाचा. डोकं नवऱ्याचं, म्हणून हा नवरा. ठीक. पण त्याचे हात, त्याची छाती, त्याचं रक्त भावाचं आहे. हिने त्याच्यासोबत संसार करायचा? 'डोकं श्रेष्ठ' हे तत्त्व आधी जितकं सरळ वाटलं होतं तितकं आता वाटत नाही. तर्क बदललेला नाही, एक नातं तेवढं बदललं आहे. आणि दुसऱ्या बाजूला भावाचं डोकं घेऊन नवऱ्याचं शरीर उभं आहे, त्याच्याशी तिने कसं वागायचं हे राजाला कुणी विचारलंच नाही.

पुढे थॉमस मान या जर्मन लेखकाने १९४० मध्ये आणि गिरीश कार्नाडांनी १९७१ च्या 'हयवदन' या कन्नड नाटकात ही गोष्ट पुन्हा हाताळली. दोघांकडे दुसरा तरुण मित्र आहे, आणि दोघांनी गोष्टीत एक नवी वस्तू आणली: काळ. निवाडा झाला त्या क्षणी विचारी डोकं आणि पिळदार धड एकत्र होतं. पण विचारी डोक्याचा माणूस तालमीत थोडाच जातो! हळूहळू ते धड मऊ पडतं, आणि तिकडे दुसरं धड कसलं जातं. शरीर डोक्यासारखं होत जातं आणि बायको पुन्हा होती तिथेच येऊन पोचते. म्हणजे 'मी कोण' याचं उत्तर एका क्षणापुरतं देता येत नाही, ते दिवसादिवसाने घडतं, हा मुद्दा आला. तो कुणी मुद्दा म्हणून मांडलेला नाही. गोष्ट पुढे चालू ठेवली, एवढंच.

मला या लेखात जे म्हणायचंय ते जवळपास एवढंच आहे. विचारप्रयोग तपशील काढून टाकतो, गोष्ट तो परत घालते, आणि तपशील परत आला की आपलं पक्कं वाटणारं उत्तर हलतं. गोष्ट म्हणजे कठीण विचाराला लावलेलं उदाहरण, अशी आपली समजूत असते. चांगल्या गोष्टीत उलट होतं, तिथे विचारालाच परीक्षेला बसवलेलं असतं. (जाता जाता: वेताळाच्या शेवटाकडच्या एका कोड्यात एक बाप एका परक्या मुलीशी आणि त्याचा मुलगा त्या मुलीच्या आईशी लग्न करतो, आणि त्यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय, असा प्रश्न येतो. त्यावर विक्रमाला उत्तर सापडत नाही, तो गप्प राहतो, आणि वेताळ खूश होतो तो या गप्प राहण्यावर.)

खोटं बोलावं का?

आता हे जरा जवळून पाहू. प्रश्न घेऊ तो सगळ्यांच्या परिचयाचा: चांगल्या हेतूने खोटं बोललेलं चालतं का?

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने १७९७ मध्ये याच विषयावर एक छोटा निबंध लिहिला. त्यातलं उदाहरण प्रसिद्ध आहे. तुमचा मित्र तुमच्या घरात लपलाय आणि त्याला मारायला आलेला माणूस दारात उभा राहून विचारतोय, तो आत आहे का? कांट म्हणतो, तरीही खोटं बोलायचा अधिकार तुम्हाला नाही. खरं बोलायचं कर्तव्य परिस्थिती पाहून वाकायला लागलं की माणसांच्या शब्दावरचा भरवसाच संपतो, आणि सगळे करारमदार त्या भरवशावर उभे असतात. बहुतेक वाचक इथे कांटला सोडून देतात. मारेकरी दारात असताना कसला भरवसा! प्रश्न निकालात निघाल्यासारखा वाटतो.

मारेकऱ्याला दारातून काढून या लेखापुरती एक गोष्ट रचू.

"तुझी आई कुठं गेली गं?" आप्पांनी विचारलं.

"आप्पा, आई जाऊन तीन वर्षं झाली."

आप्पा हमसून हमसून रडले. संध्याकाळी त्यांनी पुन्हा तेच विचारलं. तिने पुन्हा खरं सांगितलं. ते पुन्हा तितकेच रडले. त्यांना ती बातमी नवीनच होती.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "मावशीकडे गेलीय. येईल संध्याकाळपर्यंत."

"असं होय," म्हणत आप्पांनी पेपर उघडला.

मग ते ठरूनच गेलं. कधी मावशीकडे, कधी बँकेत, कधी देवळात. घर शांत झालं. ती रात्रीची झोपू लागली.

एका दुपारी तिने सवयीने उत्तर दिलं, तर आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हल्ली ती सारखी बाहेरच असते. माझ्यापाशी थांबतच नाही."

इथे थांबू. पहिल्या चार दिवसांत आपण सगळे मुलीच्या बाजूचे आहोत. ज्याला सत्य धरून ठेवता येत नाही त्याला ते रोज नव्याने देण्यात काय अर्थ? परिणामांचा हिशोब करणारा तत्त्वज्ञही हेच सांगेल: एका बाजूला रोजचं रडणं, दुसऱ्या बाजूला शांत दुपार. हिशोब सोपा आहे. शेवटच्या वाक्याने त्यात एक खातं उघडतं, जे आपण धरलंच नव्हतं. आप्पांना उत्तरं आठवत नाहीत, पण उत्तरांची चव मागे उरली आहे. बायको गेल्याचं दुःख टळलं आणि तिच्या जागी ती आपल्याला टाळते हे दुःख आलं. शिवाय खोटं बोलताना तिसऱ्याच माणसावर अन्याय झालाय, जो खोलीत नाही आणि आपली बाजू मांडू शकत नाही. मेलेल्या आईची बदनामी झाली, आणि ती तिच्या मुलीने केली.

म्हणजे कांट बरोबर ठरला का? अजिबात नाही. त्याचं कारण वेगळं होतं, भरवशाचं. या घरात भरवसा मोडलेला नाही, मोडली आहे ती आठवण. गोष्टीने कांटला खोडलं नाही आणि सिद्धही केलं नाही. 'खोटं कुणाशी बोललं' यासोबत 'खोटं कुणाबद्दल बोललं' हाही प्रश्न असतो, एवढं तिने दाखवून दिलं, आणि हा प्रश्न मारेकऱ्याच्या उदाहरणात सहजासहजी सुचत नाही.

याच गोष्टीत एकेक तपशील बदलून पाहा. आईने जाण्याआधी 'त्यांना काही सांगू नका' असं म्हटलं होतं, असं धरा. किंवा मुलीच्या जागी पगारी मदतनीस ठेवा. किंवा आई मेलेली नाही, खरोखरच घर सोडून गेली आहे. प्रत्येक वेळी खोट्याचं वजन बदलतं. आणि समजा, शेवटी मुलीच्या तोंडी 'कधी कधी खोटं बोलणं हेच प्रेम असतं' असं वाक्य घातलं, तर सगळी गोष्ट एका फटक्यात मेली असती. तत्त्वचिंतनपर म्हणवणाऱ्या कथांमध्ये हा रोग फार. पात्रं प्राध्यापकांसारखी बोलतात, आणि वाचकाने काढायचा निष्कर्ष लेखक आधीच काढून ठेवतो.

सुखाची अट

अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विन यांची ओमेलास या शहराची कथा १९७३ मध्ये आली. तत्त्वज्ञानाच्या वर्गात ती इतकी शिकवली जाते की तिचा सारांश कथेपेक्षा जास्त फिरलाय: एक शहर आहे, तिथे सगळे सुखी आहेत, आणि ते सुख एका मुलाला तळघरात घाणीत, अंधारात कोंडून ठेवण्यावर उभं आहे. मुलाला बाहेर काढलं की सगळ्यांचं सुख संपणार. पुष्कळांच्या सुखासाठी एकाचा बळी चालेल का?

हा सारांश बरोबर आहे आणि त्यात कथेतलं फार थोडं उरतं. प्रश्न ले ग्विन यांचा नाहीच. विल्यम जेम्स या तत्त्वज्ञाने १८९१ मध्ये तो एका वाक्यात मांडला होता: जगाच्या दूरच्या काठावर एक जीव एकटा यातना भोगत राहील एवढ्याच अटीवर लाखो लोक कायमचे सुखी होणार असतील, तर? ले ग्विन यांनी कथेच्या उपशीर्षकातच जेम्सचं नाव दिलं आहे. मग कथेने भर काय घातली?

कथेचा पहिला अर्धा भाग निवेदक शहराचं वर्णन करत असतो आणि सारखा अडखळत असतो. उत्सव आहे, घोडे आहेत, समुद्र आहे, पण वाचकाला हे पटत नसणार हे त्याला ठाऊक आहे. म्हणून तो म्हणतो, तुम्हाला हवं ते घाला या शहरात, तुम्हीच रचा. आणि तरीही पटत नाही ना? मग आणखी एक गोष्ट सांगतो. इथे ते मूल येतं. मूल आलं आणि शहर एकदम खरं वाटायला लागलं, हे लक्षात येतं तेव्हा वाचक सापळ्यात सापडलेला असतो. निर्भेळ सुखावर आपला विश्वास बसत नव्हता, दुःखाची अट घातल्यावर बसला. म्हणजे सुखाची किंमत कुणीतरी मोजलीच पाहिजे, ही समजूत ओमेलासच्या लोकांची जितकी आहे तितकीच वाचकाची. जेम्सचं वाक्य वाचताना आपण न्यायाधीश असतो. इथे आपण त्या शहराचे नागरिक होतो, निदान काही पानं तरी.

कथेच्या शेवटी काही जण मुलाला पाहून आल्यावर शहर सोडून एकेकटे निघून जातात. अनेकांना हे थोर वाटतं. मला ते कधीच पुरतं पटलेलं नाही. जाणाऱ्यांचे हात स्वच्छ राहतात, मूल तळघरातच राहतं. हे मलाच वाटतं असंही नाही. एन. के. जेमिसिन यांनी २०१८ मध्ये या कथेला उत्तर म्हणून राहणाऱ्यांची आणि लढणाऱ्यांची कथा लिहिली. तत्त्वज्ञ एकमेकांना निबंधांतून उत्तरं देतात, कथाकार कथेतून देतात. तेही खंडनमंडनच.

अंकांना माणसं लावणं

थोडक्यात आणखी एक प्रकार. काही कल्पना इतक्या मोठ्या असतात की त्या समजतात, पण जाणवत नाहीत. अनंत ही त्यातली एक. अर्जेंटिनाचे होर्हे लुईस बोर्हेस यांनी १९४१ मध्ये एका ग्रंथालयाची कथा लिहिली. त्यात प्रत्येक पुस्तक ४१० पानांचं, पानावर ४० ओळी, ओळीत साधारण ८० अक्षरं, आणि वापरायची चिन्हं एकंदर २५. या चिन्हांच्या जितक्या म्हणून जुळण्या होतील तितकी पुस्तकं तिथे आहेत. गणित करायला सोपं आहे. एका पुस्तकात १३,१२,००० जागा, प्रत्येक जागी २५ पर्याय. पुस्तकांची संख्या लिहायला घेतली तर ती संख्याच सुमारे १८ लाख ३४ हजार अंकी होते.

कल्पना जुनी होती. कुर्ट लासविट्स या जर्मन लेखकाने १९०४ मध्ये ती गप्पांच्या रूपात मांडून आकडेमोडही करून दाखवली होती. बोर्हेसने त्या आकड्यात ग्रंथपाल राहायला घातले. सगळी खरी पुस्तकं तिथे आहेत, आणि प्रत्येक खऱ्या पुस्तकाची अगणित किंचित चुकलेली भावंडंही. कुणी आपल्या आयुष्याचं समर्थन करणारं पुस्तक शोधत भटकतात, कुणी निरर्थक वाटलेली पुस्तकं नष्ट करतात, कुणी आत्महत्या करतात. सगळं ज्ञान हाताशी असणं आणि काहीच हाती नसणं यात फरक काय, हा ज्ञानमीमांसेचा, म्हणजे ज्ञान कशाला म्हणायचं याचा, प्रश्न आता भूक-तहानेइतका जवळचा होतो.

कविता काय वेगळं करते

कथेकडे प्रसंग असतो, पुढे काय झालं ते असतं. कवितेत बहुतेकदा तेही नसतं. मग ती विचार कसा करते?

आधी एक घोटाळा दूर करू. जुनं तत्त्वज्ञान पुष्कळसं पद्यातच आहे. ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका आर्या वृत्तात आहे, नागार्जुनाने शून्यवाद कारिकांमध्ये मांडला, ग्रीसमध्ये पार्मेनिडीसने 'जे आहे ते बदलत नाही' हा सिद्धांत महाकाव्याच्या छंदात सांगितला. यातलं बरंचसं पद्य पाठ व्हावं म्हणून आहे. छंद असला की कविता होतेच असं नाही.

रोमन कवी लुक्रेशियसने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात अणू, पोकळी आणि मृत्यूचं भय या विषयांवर सात हजारांहून जास्त ओळी लिहिल्या आणि आपण हे कवितेत का लिहितो याचं कारणही देऊन ठेवलं: मुलांना कडू औषध देताना वैद्य पेल्याच्या काठाला मध लावतो, तसं. ही उपमा दोन हजार वर्षं चालली आणि तिने कवितेचं बरंच नुकसान केलं, असं माझं मत. कारण मग कविता म्हणजे वरचा मध आणि विचार म्हणजे आतलं औषध, मध चाटून झाला की विचार वेगळा काढून घेता येतो, असं वाटू लागतं. खुद्द लुक्रेशियसच्या चांगल्या ओळींनाही हे लागू पडत नाही.

बहिणाबाईंचं पाहा:

मन वढाय वढाय
उभ्या पिकातलं ढोर
किती हाकला हाकला
फिरी येतं पिकांवर

'मन चंचल आहे' असा याचा अर्थ सांगितला की परीक्षेत गुण मिळतात. पण चंचल तर गीतेतलं मनही आहे. सहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो, मनाला आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकं अवघड आहे. या दोन प्रतिमा शेजारी ठेवल्या की दिसतं, त्या दोन वेगवेगळ्या उपपत्ती आहेत. वाऱ्याला काही हवं नसतं. तो अनावर आहे, पण त्याला भूक नाही. ढोराला आहे. ते परत परत येतं कारण समोर पीक उभं आहे. त्याचा दोष एवढाच की त्याला खायचंय. आणि पीक कुणाचं? हाकणाऱ्याचं. मनाच्या भटकण्यात आपलंच काहीतरी खाल्लं जातंय, हे त्या 'उभ्या पिकातलं' या दोन शब्दांत आहे. वाऱ्याच्या प्रतिमेतून मनाला बांधायचा उपाय सुचतो. ढोराच्या प्रतिमेतून वेगळंच सुचतं: कुंपण घालावं की ढोराला दुसरीकडे चारावं? आणि बहिणाबाई एका प्रतिमेवर थांबतही नाहीत. पुढच्याच कडव्यात वाऱ्याने हललेल्या लाटा येतात, मग मन पाखरू होतं, कधी दाण्याएवढं असतं तर कधी आभाळात मावत नाही. व्याख्या करणाऱ्याला यातलं एक निवडावं लागलं असतं. कवितेत ही सगळी एकमेकांना न खोडता राहतात, आणि मन तसंच असेल तर तीच जास्त अचूक पद्धत ठरते.

दुसरं साधन म्हणजे क्रम. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त, 'भारत एक खोज' मालिकेच्या शीर्षकगीतामुळे अनेकांच्या कानात बसलेलं. सात ऋचा. त्याचा आशय गद्यात सांगायचा तर 'सृष्टी कशी झाली हे कुणाला माहीत नसावं' असं एक वाक्य पुरतं, आणि ते वाक्य वाचून कुणाला काही होत नाही. सूक्तात काय घडतं? सत् नव्हतं, असत् नव्हतं, इथून सुरुवात. मग प्रश्न येतात. मग, देवसुद्धा सृष्टीच्या नंतरचे, तेव्हा कोण सांगणार? शेवटच्या ऋचेत परम आकाशात बसलेला, या सगळ्याचा अध्यक्ष येतो. आता उत्तर मिळणार असं वाटतं. तो जाणतो, 'सो अङ्ग वेद', आणि त्याच ओळीत पुढे, 'यदि वा न वेद', किंवा त्यालाही ठाऊक नसेल. शंका अगदी शेवटच्या पायरीवर येते, आधार सापडला असं वाटल्यानंतर. हेच वाक्य सुरुवातीला टाकलं असतं तर ते एक मत झालं असतं. शेवटी आल्यामुळे ते वाचणाऱ्याच्या बाबतीत घडतं.

मघाच्या आप्पांच्या घरात कविता शिरली तर काय करेल? प्रयत्न करून पाहतो:

जे दुःख आठवत नाही
ते कुणाचं?
उशी ओली.
डोळे कोरडे.

पहिल्या दोन ओळी म्हणजे थेट लॉकचा प्रश्न. जे आठवतं तेच आपलं असेल, तर काल रात्री रडलेला माणूस आज सकाळच्या माणसाचा कोण? खालच्या दोन ओळी म्हणजे नुसतं दृश्य. वरच्या दोन काढल्या तर एक बरं चित्र उरेल, खालच्या काढल्या तर सुभाषित उरेल. दोन्ही असताना उशी पुरावा देते आणि डोळे तो नाकारतात, आणि निकाल कवितेत नाही. तिसऱ्या ओळीच्या जागी 'उशीला मात्र आठवतं' असं लिहायचा मोह होतो. ते जास्त गोड लागेल. पण मग उशी उत्तर देऊन मोकळी होईल आणि प्रश्न संपेल.

यावरचे आक्षेप

आक्षेप खोटे नाहीत. प्लेटोने कवींना आपल्या आदर्श नगरीबाहेर काढलं आणि कविता व तत्त्वज्ञान यांचं भांडण जुनंच आहे असंही सांगितलं. त्याच्या त्याच ग्रंथाचा शेवट मात्र युद्धात पडलेल्या आणि बाराव्या दिवशी चितेवर उठून बसलेल्या सैनिकाच्या गोष्टीने होतो, हेही लक्षात ठेवावं.

जेरोम स्टॉलनिट्झ या तत्त्वज्ञाने १९९२ मध्ये घेतलेला आक्षेप मला अधिक बोचरा वाटतो. कथा-कादंबऱ्यांतून मिळणारी 'सत्यं' सुटी काढून लिहा, ते म्हणतात, आणि ती किती किरकोळ आहेत ते पाहा. गर्व आणि पूर्वग्रहामुळे माणसं एकमेकांपासून दूर राहतात, हे कळायला कादंबरी कशाला? यावर माझं उत्तर असं, की सुटं काढलेलं वाक्य किरकोळ असणारच, कारण काम वाक्याने केलेलं नव्हतं. आप्पांच्या गोष्टीतून 'खोट्याचे अनपेक्षित परिणाम होतात' असं वाक्य निघेल आणि ते खरोखरच कुचकामी आहे. मिळालं ते वाक्य नव्हतं. आपला हिशोब कुठे अपुरा होता, ती जागा मिळाली.

मात्र एका आक्षेपापुढे मी हात टेकतो. गोष्ट लबाडी करू शकते. लेखक जगही बनवतो आणि निकालही लावतो. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सणाच्या दिवशी, लोक चर्चमध्ये असताना लिस्बन भूकंपाने कोसळलं. पुढच्या वर्षी व्होल्टेअरने त्यावर कविता लिहून 'जे आहे ते सर्व ठीकच आहे' म्हणणाऱ्यांना जाब विचारला. रूसोने पत्रातून उलट उत्तर दिलं, की सहा-सात मजली घरं एकाजागी निसर्गाने बांधली नव्हती. हा वाद अजूनही जिवंत वाटतो, दोन्ही बाजूंना वजन आहे. मग १७५९ मध्ये व्होल्टेअरची 'कांदीद' आली. तिच्यातला पँग्लॉस नावाचा गुरू प्रत्येक अनर्थानंतर 'हेच सर्वोत्तम जग' म्हणत राहतो, नाक चष्म्यासाठीच बनलंय असं शिकवतो. वाचताना हसू आवरत नाही. पण ज्या जर्मन तत्त्वज्ञाची ही नक्कल होती, त्या लायब्निझने १७१० च्या ग्रंथात म्हटलं होतं ते असं नव्हतं. प्रत्येक घटना चांगली आहे असा त्याचा दावा नव्हता, शक्य असलेल्या सगळ्या जगांचा एकत्र विचार केला तर निवडलेलं हे जग सर्वांत चांगलं, असा होता. तो दावाही चुकीचा असू शकेल. पण 'कांदीद'ने तो खोडला नाही, त्याचं सोंग आणून ते आपटलं. आज लायब्निझला बहुतेक लोक पँग्लॉस म्हणूनच ओळखतात, आणि हे गोष्टीच्याच ताकदीमुळे झालं.

म्हणून वाचताना मी एक खटपट करतो. गोष्टीत हरलेल्या बाजूला आणखी हुशार वकील दिला असता तर गोष्ट टिकली असती का? ओमेलासच्या राहणाऱ्यांना ले ग्विन खरीखुरी कारणं देतात: मूल आता बाहेर आलं तरी त्याला सुख कळणार नाही, वगैरे. कारणं घाणेरडी आहेत, पण ऐकल्यावर क्षणभर पटतात. पँग्लॉसला व्होल्टेअर एकही कारण धड बोलू देत नाही.

सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं तर मी काफ्काची 'कायद्यापुढे' ही छोटी गोष्ट सुचवतो. खेड्यातला एक माणूस कायद्याच्या दारापाशी येतो, पहारेकरी त्याला आत सोडत नाही, तो तिथेच बसून म्हातारा होतो, आणि मरताना त्याला कळतं की ते दार फक्त त्याच्यासाठी होतं. १९१५ मध्ये ती सुटी छापली गेली. काफ्काच्या मृत्यूनंतर आलेल्या 'खटला' या कादंबरीत तीच गोष्ट एक पाद्री नायकाला सांगतो, आणि मग दोघं तिच्या अर्थावरून वाद घालतात. नायक म्हणतो, पहारेकऱ्याने फसवलं. पाद्री एकेक भाष्य पुढे करत प्रत्येक सोपा अर्थ मोडून काढतो, फसवला गेला तो पहारेकरीच असंही म्हणून दाखवतो. आधी सुटी गोष्ट वाचा, कोण चुकलं ते आपल्यापुरतं कागदावर लिहा, आणि मगच कादंबरीतलं ते प्रकरण उघडा.